नऊ पडदे, आठ वाघ

शेडमध्ये पडदे नऊ होते. जंगल, नदी, बाग, देऊळ, महाल, रस्ता, कोर्ट, तुरुंग आणि घर. प्रत्येक पडदा वीस फूट रुंद, बारा फूट उंच, वर एक वेळू, खाली एक वेळू. मंगळवारी रोशनीने ते एकेक करून उलगडले होते, टेपने मोजले होते, फोटो काढून पुन्हा गुंडाळले होते. गुरुवारी संध्याकाळी टेम्पोत चढवण्याआधी दोऱ्या तपासाव्यात म्हणून तिने ते परत उलगडले. नऊ पडद्यांवर मिळून आता आठ वाघ होते. मंगळवारी एकही नव्हता.

वाघ पूर्ण वाढीचे होते. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत साडेसहा फूट. आठही एकाच मापाचे, आठही डावीकडे पाहणारे, कारण आठही एकाच खाक्यावरून उतरवलेले. जंगलात वाघ असणं रोशनीला समजलं. नदीवर वाघ पाण्याला येतो. बागेतही येईल, ब्रह्मपुरी तालुक्यात तो कॉलेजच्या मागच्या शेतातही येतो. पण महालात तो सिंहासनापुढे उभा होता, कोर्टात न्यायाधीशाच्या मेजापुढे, आणि तुरुंगात गजांच्या अलीकडे, म्हणजे सुटलेला. घराच्या पडद्यावर मात्र वाघ नव्हता. तिथे नेहमीप्रमाणे ओसरी, तुळस, दोरीवरचं धोतर आणि मधोमध रिकामी जागा होती.

"आबाजी," रोशनी म्हणाली, "हे वाघ कोनी काढले?"

आबाजी, तिचे आजोबा, खाटेवर बसून ब्रश धूत होते. "मी काढले. अजून कोन काढन?"

"आठ?"

"नववाही काढनार होतो. पेवडी संपली." त्यांनी पिवळ्या रंगाचा रिकामा डबा पायाने थोडा पुढे सरकवला. "तुह्या बापाले म्हनलं आनून दे. तो म्हनते, पेवडी आता कोनी दुकानात ठेवत नाई."

"पन काढले काऊन?"

"तुह्याच सायबानं सांगतलं."

साहेब म्हणजे राजदीप. चंद्रपुरात एक नवं संग्रहालय उभं राहत होतं आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या दालनाची जबाबदारी त्याच्याकडे होती. रोशनीने एमएस्सीचा निकाल लागल्यावर पहिलं काम केलं ते त्याला फोन करण्याचं. मंगळवारी तो आला, नऊ पडद्यांसमोरून दोनदा फिरला, चहा प्यायला आणि जाताना म्हणाला की काम फार मोलाचं आहे, फक्त मधला भाग जरा मोकळा वाटतो, आजच्या प्रेक्षकाचाही विचार करावा लागेल. तो हे सौम्यपणे म्हणाला. पण म्हणाला.

मधला भाग मोकळाच असायचा. पन्नास वर्षांत आबाजींनी, म्हणजे श्रीहरी पेंटरने, रंगवलेल्या प्रत्येक पडद्याच्या मध्यावर, जमिनीपासून सहा फूट उंच आणि सहा फूट रुंद एवढा तुकडा नुसता ओल्या मातीच्या रंगाचा ठेवलेला असे. ना झाड, ना खांब, ना सावली. घरात त्याला 'माणसाची जागा' म्हणत. नट तिथे उभा राहतो, त्याच्या मागे वेल किंवा खिडकी आली की त्याच्या डोक्यातून वेल उगवते. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात बायका रडायच्या ठिकाणी हसल्या, तर कंपनी पुढच्या वर्षी दुसऱ्या पेंटरकडे जाते.

"माह्या पडद्यात खड्डा हाये, असं म्हनलं त्यानं," आबाजी म्हणाले.

"खड्डा नाई म्हनलं. मोकळं वाटते म्हनलं."

"मोकळं म्हनजे खड्डाच. पन्नास वर्सं तिथी नट उभा होता, म्हनून कोनाले दिसला नाई. आता नट येनार नाई. लोक येतीन, अन् सरळ खड्ड्यात पाहातीन." त्यांनी ब्रशाचे केस बोटांनी पिळले. "म्हने पन्नास वर्सं पेंटर होता, अन् मधातच काढाचं ठेवून देल्लं."

"मंग मानूस काढाचा होता. वाघ काऊन?"

"चंद्रपूरचे लोक हायेत. त्यायले दुसरं का दाखवतं?"

चंद्रपुरात वाघ चौकात होते, हॉटेलांच्या पाट्यांवर होते, कमानीवर होते. तिने टेपचं टोक हातात धरून वाघाची उंचीही मोजली. साडेतीन फूट. प्रमाण बरोबर होतं.

एवढ्यात तिचे बाबा, गोपाल, शेडच्या पुढच्या भागातून आले. शेड गेल्या होळीपासून मधोमध वाटलेली होती: पुढे त्यांचा फ्लेक्स छपाईचा धंदा, मागे आबाजींचे पडदे. महिनाअखेर मोठी मशीन येणार होती आणि मागची बाजूही रिकामी करायची होती. संग्रहालयाने पडदे घेतले तर ठीक. नाही घेतले तर ते कमळाआत्याच्या शेताला जाणार होते. गांगलवाडीकडे रानडुकरं फार. लोक धानाच्या बांधावर जुन्या साड्या बांधून कुंपण करतात, आणि श्रीहरी पेंटरच्या घरात साड्यांसोबत पडदेही बांधत. याआधीचे सगळे पडदे तसेच गेले होते. रोशनी लहान असताना तिने दरबाराचा एक अख्खा खांब चिखलात पडलेला पाहिला होता आणि त्यावर बगळा बसलेला होता.

गोपाल वाघासमोर उभे राहिले. बापलेकांचं होळीपासून निरोपानिरोपीवर चाललं होतं, म्हणून ते रोशनीकडे पाहून बोलले.

"कोनी काढला?"

"आबाजीनं."

गोपाल खाली वाकले, वाघाच्या डोळ्याजवळ गेले, मग मागे सरकत सरकत आपल्या मशीनपर्यंत गेले.

"फ्लेक्सवर असा डोया येत नाई," ते म्हणाले. "मोठा केला का फाटते. सांग त्यायले."

"ऐकलं मी," आबाजी म्हणाले.

शनिवारी सकाळी टेम्पो चंद्रपुरात पोहोचला. वीस फुटी पडद्यांना पुरेल असं दालन सबंध शहरात न सापडल्यामुळे राजदीपने दोन लग्नांच्या मधले दोन दिवस एक मंगल कार्यालय ठरवलं होतं. ऐंशी फूट लांब, तीस फूट रुंद. दोन्ही लांब भिंतींवर चार-चार पडदे बसले आणि दाराच्या बरोबर समोर, टोकाच्या भिंतीवर, जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे, घर. खुर्च्या हलवल्या. थर्माकोलचा गणपती उंच होता, तो राहू दिला.

दारावर गोपालनी स्वतः छापलेला फ्लेक्स होता. आबाजींचा फोटो, वर फुलांची कमान, खाली 'ज्येष्ठ रंगकर्मी श्रीहरी पेंटर' आणि दोन्ही बाजूंना समई. समया त्या नमुन्यात आधीपासूनच होत्या. दहा वाजल्यापासून लोक चपला काढून, आवाज न करता आत येत होते. एका गृहस्थाने दारातच गोपालच्या खांद्यावर हात ठेवला आणि वय किती होतं असं विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर," गोपाल म्हणाले. "चहा पिऊन राह्यले, थे पाहा तिथी."

राजदीप अकराला आला. तो जंगलापासून तुरुंगापर्यंत एकदा गेला, परत आला, आणि रोशनीशेजारी उभा राहिला.

"मंगळवारच्या फोटोंत हे नव्हते," तो म्हणाला.

"नव्हते."

"म्हणजे नंतरचे."

"बुधवारचे," रोशनी म्हणाली. "कोर्ट अन् तुरुंग गुरुवारचे."

राजदीपने चष्मा काढून पुसला. त्याला राग आला असता तर रोशनीला सोपं गेलं असतं. "आम्हाला मूळ काम हवं आहे. प्रयोगात वापरलेलं."

"मूळच हाये," मागून गोपाल म्हणाले. "हात तोच, सरस तोच, कापड तेच. आनखी का मूळ असते?"

"पण काका, हे वाघ कुठल्या नाटकात होते?"

"तुमी म्हनलं ना आजच्या प्रेक्षकाचा विचार करा? बाबानं केला. आता तुमी म्हनता कालच्याचा करा. एक दिवस ठरवून घ्या."

रोशनीने बाबांकडे पाहिलं. मागच्या सोमवारपर्यंत हाच माणूस पडद्यांना 'ते धुडकं' म्हणत होता.

राजदीप हिशोबी शांतपणे म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत प्रदर्शन आहे. वाघ निघत असतील, तर नऊही घेऊ. निघत नसतील, तर एकटं घर. हे माझ्या हातात आहे तेवढं सांगतो."

तो गेल्यावर रोशनीने एक बादली पाणी आणि एक स्पंज मिळवला. पावडरचे रंग सरसात कालवलेले असतात, सरस पाण्यात सुटतो. प्रश्न एवढाच होता की वरचा थर आधी सुटतो की खालचाही सोबत येतो. हे वादाने कळणार नव्हतं. तिने नदीचा पडदा निवडला, त्यातही शेपटीचं टोक, कारण प्रयोग फसला तर नुकसान कमीत कमी व्हावं. स्पंज पिळून तिने शेपटीवर अलगद ठेवला, वीस मोजले आणि उचलला.

शेपटी निघाली. तिच्याखालची नदीही निघाली. तिच्या जागी पांढऱ्या कापडाची शेपटी उरली.

मागे आबाजी उभे होते. किती वेळ, ते तिला माहीत नव्हतं.

"शेपटी गेली," ते म्हणाले.

"हो."

"नदीही गेली."

"हो, आबाजी."

"बाकीचा कवा काढतं?"

रोशनीने स्पंज बादलीत टाकला. तेवढ्यात कमळाआत्या आली. ती गोपालहून सहा वर्षांनी मोठी, सकाळच्या बसने आलेली, आणि खरं तर टेम्पो रिकामा परत जाऊ नये, पडदे सरळ आपल्या शेतावर उतरावेत, याच बेताने आलेली. हे तिने लपवलंही नव्हतं. पण आता ती बादली पाहत होती.

"माह्या बापाच्या कामाले पानी लावतं?"

"आत्या, वाघ निघाले तर सगळेच पडदे वाचतीन. नाई तं तुह्या बांधावर जातीन."

"मंग जाऊ दे बांधावर. माह्या बांधावर कोनी शेपट्या तं धूत नाई."

"बाई बराबर बोलून राह्यली," गोपाल म्हणाले.

रोशनी एकटी पडली. पडदे वाचवायचा विचार या घरात पहिल्यांदा तिच्या डोक्यात आला होता, आणि पडद्यावर पाणी घालणारीही तीच निघाली. ज्यांना पडदे बांधाला बांधायचे होते आणि ज्यांना शेड रिकामी करायची होती, ते दोघं आता आबाजींच्या दोन बाजूंना उभे होते. आबाजी मात्र कोणाच्याच बाजूला नव्हते. ते घराच्या पडद्याकडे गेले, मधल्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाले, "इथी कोनी पेवडी देते का पाहा. एक राह्यला."

पेवडी चंद्रपुरातही मिळाली नाही.

दिवसभर लोक येत राहिले. वाघांपुढे थांबत, वाघासोबत फोटो काढत, पुढच्या वाघाकडे जात. तिसऱ्या वाघानंतर वेग वाढे, कारण वाघ तोच होता. पडद्यापासून ते दोन-तीन हातांवर उभे राहत, आणि तिथून महालाच्या भिंती केरसुणीने सारवल्यासारख्या दिसत. रेषा चार बोटं रुंद होत्या. त्या शेतात बसलेल्या शेवटच्या रांगेसाठी होत्या. रोशनीने एकदोघांना मागे सरकायला सांगितलं. ते मागच्या पडद्याला टेकले. घराच्या पडद्यापर्यंत लोक जात, रिकामी जागा पाहत, वर गणपती पाहत आणि वळत. एका बाईने विचारलं, "याच्यातला गेला का?"

आबाजींनी ते ऐकलं. रात्री धर्मशाळेत ते जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले.

रविवारी दुपारी जेवणाच्या वेळी सभागृह रिकामं झालं. गोपाल टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेले. आबाजी चहाचा कागदी कप घेऊन दाराशी बसायला जागा शोधत होते. रोशनी नदीच्या शेपटीवर कोरड्या फडक्याने निरर्थक काहीतरी करत होती. तेवढ्यात कमळाआत्याचा फोन वाजला. दाराशी आवाज नीट येत नव्हता म्हणून ती बोलत बोलत आत गेली, थेट टोकापर्यंत, आणि घराच्या पडद्यासमोर उभी राहिली.

"कुठून घुसले? उत्तरेकडून? मंग तू का करत होता, झोपला होता? साड्या सोडल्या कोनी?" तिने पदर खोचला. "मी दोन दिवस इथी आली तं डुकरायले बराबर मालूम पडते. नाई, तू मले सांगू नोको. धानाच्या किती बांध्या गेल्या थे सांग."

"कमळा," दाराकडून आबाजी म्हणाले.

आत्याने हात हलवून थांबा म्हटलं. "तीन? तीन बांध्या?"

"कमळा, तिथंच राह्य. हालू नोको."

ती हललीच. डावीकडे दोन पावलं गेली, ओसरीच्या खांबाजवळ, मग परत मध्यावर. तिथे ती थांबली, एक हात कमरेवर, फोनमधल्या माणसाला धान आणि अक्कल यांतला फरक सांगत. तिच्या मागे तुळस होती. तिच्या खांद्याच्या वर दोरीवरचं धोतर होतं. ओसरीची पायरी तिच्या पायांशी येऊन संपत होती. भिंती आता केरसुणीने सारवल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्या भिंतीच दिसत होत्या, दुपारच्या उन्हातल्या, आणि घरातली बाई बाहेर येऊन कोणावर तरी संतापलेली होती.

आबाजी चालत सभागृहाच्या मध्यापर्यंत आले, त्यांनी कप खाली ठेवला आणि ते फरशीवर बसले. मांडी घालून, नाटकाला बसतात तसे.

रोशनी धावत आली. तिला वाटलं चक्कर आली.

"आबाजी?"

"बस खाली. उभ्यानं बराबर दिसत नाई."

ती बसली. खाली बसल्यावर पडद्यातली पायरी थोडी वर उचलली गेली आणि ओसरी आत सरकली. हे का होतं ते तिला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही.

"मी पाह्यलंच नव्हतं," आबाजी म्हणाले.

"काय?"

"हे. समोरून." ते कमळाकडे पाहतच बोलत होते. "पडदा ओढाले कोनी पाह्यजे ना. पेंटरच ओढते, त्याले मालूम असते कोनता कुठी अडकते. पन्नास वर्सं मी विंगेत दोरी धरून. नटाची पाठ पाह्यली. पडद्याची कड पाह्यली." त्यांनी मधल्या जागेकडे बोट केलं. "खड्डा नाई तो."

"नाई, आबाजी."

"पिवळा संपला थे बरं झालं."

आत्याने फोन बंद केला आणि दोघांना फरशीवर बसलेलं पाहिलं. "का झालं? काऊन बसले असे?"

"काई नाई," आबाजी म्हणाले. "अजून एखादा फोन लाव."

रोशनीने टेप काढला. आबाजी बसले होते तिथून पडद्यापर्यंत एकेचाळीस फूट भरले.

राजदीप संध्याकाळी आला तेव्हा सगळे घराच्या पडद्यापाशी होते. त्याने वाघांकडे एकदा पाहिलं, नदीतल्या शेपटीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं: आठ नाहीत, घर हो.

"तुमची खोली केवढी हाये?" आबाजींनी विचारलं.

"बावीस फूट."

"मंग नोको."

रोशनीने मान वर केली. गेल्या तीन महिन्यांतलं तिचं सगळं काम त्या दोन शब्दांत मावलं.

"आबाजी, एक तं वाचून राह्यला..."

"वाचून का करतं? बावीस फुटावरून थे कापडच दिसते. चाळीस पाह्यजे. अन् समोर मानूस पाह्यजे."

"माणूस म्हणजे?" राजदीप म्हणाला. "आम्ही रोज नट कसा ठेवणार?"

"नट कोनी मांगतला? जो येईन तो. एक जाऊन उभा राहीन, दुसरा मांगं बसून पाहीन. मंग दुसरा जाईन."

"सेल्फी पॉइंट म्हना ना, बाबा," गोपाल म्हणाले. होळीनंतर त्यांनी बापाला थेट म्हटलेलं हे पहिलं वाक्य होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दोघंही दुसरीकडे पाहू लागले.

"थे का असते?" आबाजींनी विचारलं.

गोपालनी समजावलं.

"हां. तेच. पन फोटो आपलाच आपन नाई काढाचा. दुसऱ्यानं काढाचा, मांगं बसून."

राजदीप रिकाम्या जागेकडे पाहत होता. मग, कोणी न सांगता, तो पुढे गेला आणि तिथे उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते मागे बांधले. रोशनीने एकेचाळीस फुटांवर बसून त्याचा फोटो काढला आणि त्याला आणून दाखवला. फोटोत भाड्याची खोली पाहायला आलेला एक तरुण होता आणि घरमालक यायचा होता.

"खोली बावीस फूट आहे," राजदीप सावकाश म्हणाला, "कारण मध्ये भिंत येते."

"भिंत पाडा," गोपाल म्हणाले.

"अजून बांधली नाही. नकाशात आहे."

"मंग बांधू नोका. त्याच्याहून सोपं काय हाये?"

राजदीप म्हणाला, वरच्यांना विचारावं लागेल. वरच्यांना विचारायला बारा दिवस लागले. भिंत नकाशातून गेली आणि जागा चव्वेचाळीस फूट झाली.

आठ वाघ त्या रविवारी संध्याकाळीच टेम्पोतून गांगलवाडीला उतरले. रोशनी सोबत गेली. तिने आत्याशी भांडण केलं नाही, फक्त दोन अटी घातल्या: पडदे गाठ मारून न चुरगळता वेळूला ताणून उभे करायचे, आणि वाघ बाहेरच्या बाजूला.

"बाहेरच तं पाह्यजेत," आत्या म्हणाली. "माह्याकडं तोंड करून का करतीन?"

दुसऱ्या दिवशी रोशनीने पांदणीपासून, म्हणजे शेताबाहेरच्या गाडीवाटेपासून, बांधापर्यंत टेप लावला. जिथे अंतर चाळीसच्या आसपास भरलं तिथे खुंट्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत धानाच्या चारही बाजूंनी महाल, कोर्ट, देऊळ, तुरुंग उभे राहिले. उत्तरेला, डुकरं घुसली होती तिकडे, नदी.

पाचव्या दिवशी वनरक्षक चैतू मडावी मोटरसायकलवर आला. ब्रह्मपुरीच्या जीपमधल्या प्रवाशांनी वाघ दिसल्याची खबर दिली होती. त्याच दिवशी एका गुराख्यानेही दिली होती. दोघांच्या खबरीत वाघ डावीकडे पाहत होता. चैतू पांदणीवर थांबला, गाडी बंद केली, बराच वेळ तिथूनच पाहिलं, मग चालत येऊन कापडाला बोट लावलं.

"कापडाचा हाये," कमळाआत्या म्हणाली.

"थे मी लिहून घेतलं, बाई." त्याने बॅगेतून कॅमेरा काढला. "पन खबर आली म्हनजे कॅमेरा लागतेच. सात दिवस."

"कापडाच्या वाघाले?"

"नियमात कापडाचं काई लिहेल नाई."

त्याने कॅमेरा उत्तरेच्या बांधाजवळच्या मोहाच्या झाडाला पट्ट्याने बांधला. समोरून काहीही हललं की फोटो निघत होता. रोशनीने विचारलं, माणसांचेही निघतात का. तो म्हणाला, सगळ्यांचेच निघतात, तो भेद त्याला कळत नाही.

त्या आठवड्यात आबाजी एकदा बसने शेतावर आले. शेताला फेरी मारत, जागोजागी गवतावर बसून त्यांनी आठही पडदे समोरून पाहिले. धान कापणाऱ्या बाया तुरुंगापुढून ये-जा करत होत्या. उठताना त्यांनी गोपालला फोन लावला, स्वतः, आणि मशीन कधी येते ते विचारलं.

सात दिवसांनी चैतूने कॅमेरा सोडवला. रोशनीने त्याच्याबरोबर बसून सगळे फोटो पाहिले आणि मोजले.

एकूण फोटो ४१८. त्यांपैकी माणसं, थांबलेली किंवा बसलेली, ३६६ फोटोंत. कुत्री १९. बैल १४. मोर ६. रानडुक्कर शून्य.

उरलेले १३ फोटो एकाच वाघाचे. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत एकोणीस मिनिटांचं अंतर. नदीच्या पडद्यासमोर, गवतात बसलेला, तोंड पडद्याकडे. पडद्यापासून अंतर, नंतर टेपने मोजलेलं, एकेचाळीस फूट.